कुंभारणीने अडवलेला संदेश

रायपूरहून दुर्गकडे निघाले आणि खारून नदी ओलांडली, की दुर्ग जिल्हा सुरू होतो आणि थोड्याच वेळात कुम्हारी लागते. इकडे राष्ट्रीय महामार्ग ५३, तिकडे हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्ग, पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्याचा पसारा. त्यामुळे जाता-येता पाहणाऱ्याला हा सारा टापू औद्योगिकच वाटतो. महामार्ग सोडून चार-पाच किलोमीटर आत शिरले, की मात्र धानाच्या बांध्या सुरू होतात आणि गोंदिया-भंडाऱ्याकडून आलेल्या माणसाला आपण राज्य बदलले आहे याचा विसर पडतो. पीक तेच. खोडकिडा, गादमाशी, तुडतुडे ही मंडळीही तीच.

अशाच एका शेतात दोन वर्षांपूर्वीच्या खरिपात आम्ही निरीक्षणासाठी प्रकाश सापळा बसवला होता. शेताचे मालक मूळचे भंडारा जिल्ह्यातले. भिलाईच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि साठवलेल्या पैशातून त्यांनी येथे साडेचार एकर धानाची जमीन घेतली. सप्टेंबरपासून कापणीपर्यंत काका-काकू शेतातल्या खोपटातच मुक्कामाला असतात. कुडाच्या भिंती, वर पत्रा, एक खाट, एक चूल, सौर पॅनेलवर चालणारे दोन दिवे आणि एक लहान दूरचित्रवाणी संच. रात्री रानडुकरांची राखण करायची, तर जागे राहायला काहीतरी हवे, हे संच आणण्याचे पहिले कारण. दुसरे कारण काकांनी मला आपणहून सांगितले, "पेपर इथवर येत नाही अन् फोनची रेंज बांधावर उभं राहिलं तरच मिळते. शेतीचं काही कळायचं तर याच्यातूनच."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी सापळ्यातले कीटक मोजायला गेले, तेव्हा संध्याकाळ होत आली होती. खोपटात संच चालू होता. पडद्यावर चित्र नव्हते. निळसर पांढऱ्या उजेडात 'सिग्नल उपलब्ध नाही' एवढीच अक्षरे होती. आणि त्या अक्षरांवर तुडतुडे बसले होते. एक-दोन नव्हे, काचेचा खालचा अर्धा भाग भरला होता. जवळ जाऊन पाहिले, तर सारे तपकिरी तुडतुड्यांचे लांब पंखांचे प्रौढ. वाचकांपैकी अनेकांना याचा अर्थ सांगायला नको. या किडीत आखूड पंखांचे आणि लांब पंखांचे असे दोन प्रकारचे प्रौढ असतात. चुडात गर्दी वाढली आणि रस कमी पडू लागला, की लांब पंखांच्या प्रौढांचे प्रमाण वाढते. उडून उजेडाकडे येतात ते हेच. म्हणजे पडद्यावर दिसत होती ती सुरुवात नव्हती. शेतातली गर्दी आधीच वाढून चुकली होती.

विजेरी घेऊन आम्ही बांधीत उतरलो. चूड बाजूला सारून बुंध्याशी पाहिले, तर पाण्याच्या पातळीच्या जरा वर तुडतुड्यांचा थरच होता. सर्वेक्षणात चुडामागे दहा तुडतुडे दिसले की आपण नियंत्रणाचा सल्ला देतो; इथे मोजणेच शक्य नव्हते. पलीकडच्या दोन बांध्यांत गोल चट्टे वाळून गवती रंगाचे झाले होते. काकांना ते पाण्याची ओढ बसल्यामुळे वाटले होते आणि त्यांनी पाणी वाढवले होते. खरे तर अशा वेळी तीन-चार दिवस पाणी काढून टाकायचे असते.

मला अधिक लागले ते पुढचे बोलणे. सप्टेंबरच्या मध्यात एका कृषिविषयक कार्यक्रमासाठी माझी मुलाखत चित्रित झाली होती. विषय नेमका हाच: धानावरील तुडतुडे, बुंध्याशी पाहणी, पाण्याचा निचरा, सिंथेटिक पायरेथ्रॉइडची फवारणी टाळणे. कार्यक्रम प्रसारित झाला, माझ्या अहवालात त्याची एक ओळ नोंदली गेली आणि मी तो विषय मनातून बाजूला ठेवला. माझा प्रकाश सापळा ज्या शेतात उभा होता, त्याच शेताच्या मालकाने तो पाहिला नव्हता. काकू म्हणाल्या, "महिनाभर झाला, काही दिसतच नाही. आधी चौकटी चौकटी व्हायच्या, मग आवाज तुटायचा, आता तर काहीच नाही." एका मेकॅनिकला बोलावून त्यांनी सेट-टॉप बॉक्स बदलून घेतला होता, केबल बदलली होती, छत्री फिरवून पाहिली होती. हजारभर रुपये गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून मी छत्रीपाशी चढले. छत्रीच्या समोरच्या दांड्यावर जो लहान नळकांड्यासारखा भाग असतो, त्याला एलएनबी म्हणतात. छत्रीच्या पत्र्यावर आदळून परतलेल्या लहरी याच्या तोंडात एकत्र होतात. या तोंडावर प्लॅस्टिकची पातळ टोपी असते. उन्हाने ती ठिसूळ होऊन अर्धी उडाली होती आणि आतली वाटोळी पोकळी ओल्या, घट्ट, नीट थापलेल्या चिखलाने भरलेली होती. नावातच कुंभार असलेल्या गावाशेजारी मी कुंभारणीच्या घरासमोर उभी होते.

कुंभारीण म्हणजे चिखलाचे घरटे बांधणारी एकांडी गांधीलमाशी. तिच्या काही जाती भिंतीवर सुबक मडकी घडवतात. काही जातींना आयती पोकळी पुरते. बांबूची नळी, कुलपाचे भोक, सायकलचा पाइप, काहीही चालते. पोकळीत एक अंडे घालायचे, डंख मारून बधिर केलेल्या अळ्या शेजारी भरायच्या, चिखलाचा पडदा घालायचा आणि पुढची खोली सुरू करायची. एलएनबीच्या तोंडाची पोकळी दोन सेंटिमीटरच्या आसपास व्यासाची, पावसापासून आडोशाला, शिवाय आतल्या विद्युत मंडलामुळे किंचित उबदार. माशीच्या दृष्टीने याहून चांगली जागा त्या शिवारात नव्हती.

एवढ्याशा चिखलाने उपग्रहाचा संदेश कसा अडतो, असा प्रश्न काकांनी विचारला. त्याचे उत्तर या जिल्ह्याच्याच इतिहासातून द्यावे, असे मला वाटले.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारतात उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग झाला. 'साइट' या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. विक्रम साराभाईंच्या कल्पनेतून आणि १९६९च्या भारत–अमेरिका करारातून साकारलेल्या या प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामूहिक संच बसवले गेले. तेव्हाच्या मध्य प्रदेशातून निवडलेले जिल्हे होते रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग. मुंबईला दूरदर्शन येऊन (२ ऑक्टोबर १९७२) जेमतेम तीन वर्षे झाली होती. नागपूरकरांनी घरात संच पाहिला नव्हता, तेव्हा दुर्गच्या खेड्यातला शेतकरी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात बसून शेतीचे, आरोग्याचे कार्यक्रम पाहत होता. या प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक होते कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही.

त्या वेळच्या खेड्यातल्या छत्र्या सुमारे तीन मीटर व्यासाच्या होत्या आणि त्या चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. जाळीतून वारा जातो, पाऊस जातो, पण लहर जात नाही. कारण प्रसारण ८६० मेगाहर्ट्झवर होते आणि त्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. लहरीच्या मानाने जाळीची भोके इतकी लहान, की तिच्या लेखी ती जाळी म्हणजे सलग पत्राच. आज आपण 'डीडी फ्री डिश' पाहतो ते क्यू-पट्ट्यातून, ११ गिगाहर्ट्झच्या आसपास. येथे लहरीची लांबी आहे पावणेतीन सेंटिमीटरच्या आत. लहर आखूड, म्हणून छत्री लहान चालते, घरोघरी परवडते. पण आखूड लहरीला मुसळधार पावसाचे थेंब अडवतात, ओली पाने अडवतात आणि तोंडात बसलेला ओला चिखल तर जवळजवळ पूर्ण गिळून टाकतो. चिखलातले पाणी हा इथला खरा शोषक. म्हणूनच कोरड्या दुपारी क्षणभर चित्र येते आणि पावसानंतर जाते; काकांच्या घरी नेमके असेच होत होते आणि दोष ढगांना दिला जात होता.

आणखी एक फरक. जुन्या अॅनालॉग काळात संकेत क्षीण झाला, की पडद्यावर 'मुंग्या' येत. चित्र वाईट दिसे, पण दिसे, आणि माणूस उठून अँटेना फिरवी. डिजिटल संकेत असा हळूहळू म्हातारा होत नाही. एका मर्यादेपर्यंत तो खणखणीत असतो, मर्यादेखाली गेला की चौकटी पडतात आणि संपतो. बिघाड वाढत असताना कळत नाही, हे त्याचे वाईट. (मुंग्या मात्र आजही येतात. पडद्यावर नव्हे, केबलच्या जोडात. त्यांच्याकडे पुढे वळते.)

घरटे काढताना मी बांबूची चपटी काडी वापरली. तारेने किंवा खिळ्याने खरवडू नये. पोकळीच्या आत सूक्ष्म धातूचे टोक असते, ते वाकले की एलएनबी निकामी. कीटकनाशक तर मुळीच फवारू नये. द्रावणाने प्लॅस्टिक खराब होते आणि मारली जाते ती आपली मित्र. घरट्यात चार खोल्या होत्या. एका खोलीत अजून न खाल्लेल्या सात हिरवट अळ्या मिळाल्या, त्यांपैकी बहुतेक धानाची पाने गुंडाळणाऱ्या अळीच्या. काकांच्याच बांधीतून उचललेल्या. ज्या माशीने त्यांचा कार्यक्रम अडवला, ती महिनाभर त्यांच्यासाठी बिनपगारी राबत होती.

कोरड्या मऊ फडक्याने तोंड पुसून नवी टोपी बसवली. कुम्हारीच्या दुकानात ती सहज मिळाली. पण चित्र तेवढ्याने आले नाही, कारण छत्री मधल्या काळात फिरवली गेली होती. त्यामुळे दिशा नव्याने लावावी लागली आणि हे काम विस्तार कार्यकर्त्यांनी एकदा स्वतः करून पाहावे असे आहे. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. कुम्हारीहून तो दक्षिणेच्या पूर्वेकडे सुमारे ३० अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६२ अंश उंच येतो. गोंदियात दिशा जराशी अधिक पूर्वेला, साधारण ३३ अंश. पुण्या-नाशिकपर्यंत गेलात, तर तो जवळजवळ थेट आग्नेयेला आणि ५८-५९ अंश उंचीवर. मोबाइलमधले होकायंत्र पुरते, मात्र ते लोखंडी खांबापासून दोन पावले दूर धरावे.

इथे मेकॅनिकचीही हमखास फसगत होते. आपल्या लहान छत्र्या सरळ समोर पाहणाऱ्या नसतात. दांडा खालून तिरका आलेला असतो आणि छत्रीचा पत्रा दिसतो त्यापेक्षा २०–२५ अंश वर 'पाहत' असतो. त्यामुळे ६२ अंशांवरच्या उपग्रहाकडे रोखलेली छत्री आपल्या डोळ्यांना ४० अंशांच्या आसपास रोखलेली वाटते. हे ठाऊक नसलेला माणूस ती आणखी आडवी करतो आणि संकेत हातचा जातो. सेट-टॉप बॉक्सच्या पटलावर तीव्रता आणि गुणवत्ता अशा दोन पट्ट्या दिसतात; लक्ष गुणवत्तेकडे ठेवावे. एकाने छत्री बोटभर सरकवायची, दोन-तीन सेकंद थांबायचे, दुसऱ्याने आतून ओरडून आकडा सांगायचा. काकू आकडे सांगत होत्या, मी सरकवत होते. पाऊण तास लागला.

उपग्रह इतका उंच असल्याचा एक लाभ शेतकऱ्याला आहे. खोपटाशेजारचे झाड अडथळा करते म्हणून तोडायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. ६२ अंशांचा हिशेब असा, की दहा मीटरवरचे झाड छत्रीहून अठरा-एकोणीस मीटर उंच असेल तरच ते आड येते. बहुतेक वेळा झाड निर्दोष असते. छत्री चार पावले सरकवली तरी काम भागते. रानातल्या एकाकी खोपटावर मी साठ सेंटिमीटरऐवजी नव्वद सेंटिमीटरची छत्री सुचवते. क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि साधारण पावसात चित्र टिकते, मात्र तिची दिशा अधिक काटेकोर लावावी लागते. ढगफुटीसारख्या पावसात कोणतीच छत्री चालत नाही, हेही आधीच सांगून टाकावे. विजा चमकू लागल्या की केबल संचापासून काढून ठेवावी. मोकळ्या शिवारात पत्र्याच्या छपरावरचा लोखंडी खांब काय ओढवून आणू शकतो, हे सांगायला नको.

आता मुंग्या. केबल एलएनबीला जिथे जोडली जाते, तो जोड उघडा असेल तर पाणी आत उतरते, तांब्याच्या तारेवर हिरवा गंज चढतो आणि मुंग्या त्या ऊबदार फटीत अंडी घेऊन येतात. जोडावर रबरी टोपी किंवा पाणी न शोषणारी चिकटपट्टी हवी आणि जोडाखाली केबलला एक सैल वळसा हवा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून जाते. खार केबल कुरतडते. खोपटाच्या उंचीवर ती जुन्या पाइपातून नेलेली बरी. वाळवीने पोखरलेला लाकडी खांब वाऱ्याबरोबर दोन अंश झुकतो, आणि दोन अंश पुरेसे असतात. शिवाय सौर बॅटरीचा दाब उतरला, की बॉक्स पुन्हा पुन्हा बंद-चालू होतो आणि लोक सिग्नल नाही म्हणून छत्री फिरवत बसतात. आधी बॅटरी पाहावी.

चिखलाच्या घरट्याला मी इतके महत्त्व देते, याचे काहींना हसू येईल. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेले बर्जेनएअरचे विमान समुद्रात कोसळून १८९ जण मृत्युमुखी पडले. विमानाचा वेग मोजणारी नळी अडली होती आणि तपास करणाऱ्यांचा सर्वाधिक संशय गांधीलमाशीच्या मातीच्या घरट्यावर होता. नळ्या समुद्रातून वर काढल्या गेल्या नाहीत, त्यामुळे तो संशयच राहिला. ब्रिस्बेनच्या विमानतळावर दक्षिण अमेरिकेतून आलेली अशीच एक पोकळीत घर करणारी माशी या नळ्या बुजवते, म्हणून तेथे विमान थोडा वेळ उभे राहिले तरी नळीवर आवरण चढवतात. आपल्या एलएनबीच्या टोपीची किंमत काही रुपये आहे.

पुन्हा 'साइट'कडे वळते, कारण त्या प्रयोगातली एक गोष्ट मला उपग्रहापेक्षाही मोठी वाटते. एटीएस-६ अवकाशात नऊ मीटरहून मोठी छत्री उमलवून ३५ अंश पूर्वेला उभा होता. तेव्हा दुर्गच्या छत्र्या आजच्यासारख्या दक्षिणेकडे नव्हे, तर जवळजवळ पश्चिमेकडे, ३३ अंशांच्या आसपास रोखलेल्या असत. पण हे सारे उभारताना, खेड्यातला संच बंद पडला तर तो कोण सुरू करणार, याचा विचार प्रयोगाच्या आराखड्यातच होता. देखभालीची केंद्रे होती, फिरते तंत्रज्ञ होते, संच सांभाळणारा गावातला एक माणूस नेमलेला होता. वर्षभराने उपग्रह परत गेला. १९७७ मध्ये रायपूरला जमिनीवरचा प्रक्षेपक आला, पुढे संच घराघरांत गेले आणि ती नेमणूक नाहीशी झाली. आज आपण कार्यक्रम प्रसारित झाल्याची तारीख नोंदवतो. कोणाच्या खोपटात तो दिसला, हा रकाना आपल्या तक्त्यात नाही. माझ्याही नव्हता. आता मी शेतपाहणीच्या नोंदवहीत एक रकाना हाताने आखून घेतला आहे: संच चालू आहे का, शेवटचा कार्यक्रम कोणता पाहिला. पाहणीत दोन मिनिटे जातात. 'मोबाइल असताना हे कशाला' असे विचारणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना मी बांधावर उभे राहून फोन लावायला सांगते.

काकांच्या साडेचार एकरांपैकी एकरभर धान त्या वर्षी हाती लागले नाही. बाकीच्या बांध्यांतले पाणी काढले, बुंध्यापर्यंत पोहोचेल अशी एक फवारणी केली आणि ते पीक वाचले. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांचा फोन आला, बहुधा बांधावरूनच. "मॅडम, तुमचा कार्यक्रम आज पुन्हा दाखवला. काकूनं पूर्ण पाहिला. आमची कापणी झाली परवाच."

खोपटाच्या मागे रायपूरच्या जुन्या प्रक्षेपकाच्या काळातला, सहा-सात दांड्यांचा अॅल्युमिनियमचा अँटेना अजून बांबूवर उभा आहे. तो काढू नका, असे मी काकांना सांगितले. त्यावर कोतवाल पक्षी बसतात, आणि आपण मुद्दाम उभारतो त्या पक्षिथांब्यांपेक्षा तो उंच आणि पक्का आहे. त्याच बांबूला आम्ही एका टोकाला बंद असलेल्या, बोटभर जाडीच्या पोकळ बांबूच्या बारा नळ्यांची मोळी आडवी बांधली. एलएनबीतून काढलेले घरटे मी प्रयोगशाळेत मलमलीने तोंड बांधलेल्या बरणीत ठेवले होते. त्यातून तीन माश्या बाहेर आल्या. चौथ्या खोलीतले कोष रिकामे निघाले. पुढच्या खरिपात ऑगस्टअखेर गेले, तेव्हा बारापैकी सात नळ्यांची तोंडे चिखलाने लिंपलेली होती आणि छत्रीवरची टोपी शाबूत होती.